टोपली धरून पाच किलो

गुरांच्या डॉक्टरचा विमानाशी संबंध काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. नोकरीला लागलो तेव्हा मलाही पडला असता. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत मिळून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. अडलेल्या म्हशी सोडवल्या, मेंढरांना लशी टोचल्या, बैलांच्या लाथा खाल्ल्या. उजव्या गुडघ्याखाली एक खोक आहे, ती एका खिलार बैलाची कृपा, आणि घरी पाहुणे आले की मी ती अजून कौतुकानं दाखवतो. बायको म्हणते, धोतर नेसणारा नवरा असता तर बरं झालं असतं, तुम्ही पँट वर करून बसता ते बरं दिसत नाही. तर सांगायचं म्हणजे, निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, "डॉक्टर, लक्षात राहिलेली केस कुठली?" तेव्हा मला म्हैस आठवत नाही की बैल आठवत नाही. एक काळं, बुटकं कुत्रं आठवतं, आणि त्याच्यापायी मी माझ्याच सहीनं केलेली एक चूक आठवते.

आमच्या दवाखान्याची ओळख आधी करून देतो. पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये लोखंडी पाइपांचा खोडा, ज्यात जनावर उभं करून बांधतात. आत एक टेबल, एक कपाट आणि एक जाडजूड रजिस्टर. रजिस्टरात रकाने: गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, इतर. कुत्रं 'इतर'मध्ये. पुढचा रकाना दुभतं की भाकड. हे रजिस्टर सदाशिवमामा लिहीत. मामा दवाखान्याचे परिचर, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, आणि डॉक्टर बदलतात पण मी बदलत नाही या गोष्टीचा त्यांना रास्त अभिमान होता.

प्रवासाचे दाखले मी पहिल्यांदा लिहिले ते दौंडला, आणि ते रेल्वेचे. दौंड हे रेल्वेचंच गाव. कुत्रं गाडीनं न्यायचं तर गार्डच्या डब्यात एक पेटी असते, तिला डॉग बॉक्स म्हणतात. पेटीत ठेवायच्या आधी जनावर निरोगी असल्याचा डॉक्टरचा कागद लागतो. रेल्वे क्वार्टर्समधले एक गार्ड, स्वभावानं फार मऊ माणूस, आपली पामेरियन घेऊन आले. बदली लांब झाली होती. म्हणाले, "डॉक्टर, ही पेटीत फार रडेल हो. झोपेचं काहीतरी द्या."

मी दिलं. वजन न करता, अंदाजानं, जरा सढळ हातानं. दिवस उन्हाळ्याचे होते. पामेरियन पोचली, पण जिवंत पोचली नाही.

उरलेलं सामान न्यायला ते गृहस्थ परत आले तेव्हा स्टेशनवर भेटले. मला नमस्कार केला आणि "फार उकडत होतं हो," एवढंच म्हणाले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दोष उकाड्याचा नव्हता, माझ्या हाताचा होता, आणि ते त्यांना कळलं होतं की नाही हे मला आजही माहीत नाही. त्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. प्रवासाला निघालेल्या जनावराला झोपेचं औषध द्यायचं नाही, आणि स्वतः वजन केल्याशिवाय दाखल्यावर सही करायची नाही. पहिला निश्चय निभावला. दुसऱ्यानं मात्र माझी चांगलीच फजिती केली.

पुढं माझी बदली शिरूर तालुक्यात झाली. रांजणगावची एमआयडीसी तेव्हा भरात येत होती. कंपन्यांच्या बसेस, पाळ्या, हिंदी बोलणारे कामगार, आणि साहेबलोक. साहेबांबरोबर त्यांची कुत्री आली. एके दिवशी दवाखान्यासमोर गाडी थांबली आणि एक बाई कडेवर पांढरंशुभ्र लोकरीचं गाठोडं घेऊन उतरल्या. मी त्या वेळी खांद्यापर्यंत हातमोजा घालून एका म्हशीच्या मागं उभा होतो. म्हशीकडे बघावं की माझ्याकडे, हे बाईंना समजेना. मामांनी तत्परतेनं रजिस्टर उघडलं आणि सवयीनं विचारलं, "दूध कितना देती?"

बाई म्हणाल्या, "देती नहीं, पीती है."

मामांनी शांतपणे 'भाकड' लिहिलं.

त्या बाईंना विमानाचा दाखला हवा होता. त्यांच्याकडूनच मला हा सगळा व्यवहार कळला. तेव्हा सगळ्या विमान कंपन्या कुत्री नेत नसत. एखादी नेई, तीही आधी विचारून, एका विमानात एखाद-दुसरंच, आणि कप्तान हो म्हणाला तर. कुत्रं मोठं असलं तर ते लाकडी पिंजऱ्यात घालून विमानाच्या पोटात, सामानाबरोबर. लहान असलं तर माणसांबरोबर वर केबिनमध्ये, मालकाच्या पायाशी, सीटखाली. वर की खाली हे ठरायचं वजनावर. डॉक्टरनं बघायचं ते इतकंच: ताप नाही ना (तो कुठून मोजतात ते विचारू नका), कान-दात स्वच्छ आहेत ना, अंगावर गोचीड नाही ना, रेबीजची लस वेळेत टोचली आहे ना. मग वजन, मग सही, मग शिक्का. एकदा दिल्यावर मग हे दाखले माझ्याकडे येतच राहिले. 'विमानाचा डॉक्टर' म्हणून सदाशिवमामा माझी ओळख करून देऊ लागले. मी एकदाही विमानतळ आतून पाहिलेला नव्हता ही गोष्ट आम्ही दोघांनी कुणाला सांगितली नाही.

आणि मग भागूबाई आल्या.

भागूबाईंचं घर निमोण्याच्या शिवारात. माणसं धनगर. सासऱ्याच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन दरवर्षी कोकणात उतरणारं हे घर. नवऱ्यानं विहीर पाडली, कांदा-ज्वारी करायला लागला, आणि कळप हळूहळू विकून टाकला. नवरा गेला तेव्हा शेवटच्या चार मेंढ्या होत्या, त्याही गेल्या. एकुलता मुलगा बाळू. पाबळला वेल्डिंग-वायरिंग शिकला, रांजणगावला एका कंपनीत चिकटला, आणि कंपनीनं त्याला बढती देऊन दिल्लीजवळच्या कारखान्यात पाठवलं. बायको-मुलं घेऊन तो तिकडे गेला. मागं राहिल्या भागूबाई आणि मुंगळ्या.

मुंगळ्या म्हणजे ते कुत्रं. आई धनगरी वळणाची, आणि बाप एमआयडीसीतल्या कुणा साहेबाचा पामेरियन, अशी गावाची खात्री. रंग आईचा, माप बापाचं. काळंकुळीत, आखूड पायांचं, आणि स्वतःबद्दल भलताच गैरसमज असलेलं. बैलाच्या अंगावर धावून जायचं. बैल बाजूला व्हायचे, बहुधा पायाखाली काय आलं ते न समजून.

एका दुपारी भागूबाई अंगणात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. हाक मारायला जवळ कुणी नाही. त्या सांगत, की मुंगळ्या शेजारच्या मळ्यात गेला आणि तिथल्या गड्याचं धोतर दातात धरून त्याला ओढत घेऊन आला. तो गडी सांगे, की धोतरबितर काही नाही, त्यानं माझी चप्पल पळवली आणि मी चपलेमागं धावलो. काहीही असो, माणूस आला, बाई वाचल्या, पायात सळई पडली. त्यानंतर बाळूनं हट्ट धरला की आईनं आता दिल्लीला यायचं. एकटं राहायचं नाही.

भागूबाईंचं म्हणणं एकच. मुंगळ्या येणार असेल तर येते.

रेल्वेनं न्यायचं तर सव्वा दिवस बसून जायला हाडाच्या डॉक्टरांनी मनाई केलेली. आणि मुंगळ्याच्या पेटीची गोष्ट बाळूनं काढली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मलाबी त्याच पेटीत घाल, म्हंजी झालं." दोन वेळा बाळू रजा काढून येऊन रिकाम्या हातानं परत गेला होता. एकदा तर काढलेलं तिकीट रद्द केलं होतं. तिसऱ्यांदा त्यानं विमानाची माहिती काढली, विमान कंपनीची परवानगी मिळवली, आणि आईला आणि कुत्र्याला घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या तोंडावरून दिसत होतं की या खेपेला फिसकटलं तर तो चौथ्यांदा येणार नाही.

"साहेब, झोपेची गोळी देता का? गप पडून राहील," तो म्हणाला.

"गोळी मिळणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण मामांनी रजिस्टरातून मान वर केली.

भागूबाई टेबलाला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "गोळी कशापायी? म्या हाय की."

दाखला लिहायला घेतला. नाव, रंग, वय हे सोपं. जातीच्या रकान्याशी थांबलो. बाळू म्हणाला, मिक्स लिहा. मामा म्हणाले, "आईकडून धनगर, बापाकडून एमआयडीसी." मी 'देशी' लिहिलं. मग वजन. बाळूनं खिशातून चिठ्ठी काढून वाचून दाखवलं. "साहेब, विमानवाल्यांनी सांगितलंय, टोपली धरून पाच किलो."

इथंच घोडं पेंड खातं. तेव्हा मला ते समजलं नाही.

मी कांद्याच्या घरातला. लहानपणापासून शिरूरच्या मार्केट यार्डात वडिलांबरोबर काट्यापाशी उभा राहिलेलो. तिथं कांदा गोणीसकट तोलतात. गोणीचं वजन म्हणजे बारदान. गोणीमागं इतकं बारदान धरायचं, असं ठरलेलं असतं. धरायचं म्हणजे वजा करायचं. "बारदान धरून किती?" असं विचारलं की गोणी सोडून निव्वळ कांद्याचं वजन सांगायचं. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला, हमालाला, मापाड्याला विचारा, धरून म्हणजे वजा जाता. पुण्यात, दिल्लीत आणि बाकीच्या जगात धरून म्हणजे मिळवून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हाताला जी सवय असते, ती शिक्षणाला विचारून चालत नाही.

वासरं तोलायचा एक ताणकाटा दवाखान्यात होता. मुंगळ्याला टोपलीत बसवलं. टोपली बुरुडाकडून मुद्दाम विणून घेतलेली, झाकणाची, चांगली दणकट. आत भागूबाईंनी घोंगडीचा जाडा तुकडा अंथरलेला. काट्याला अडकवलं, भरलं पाच किलो सहाशे. मग टोपली आणि घोंगडीचा तुकडा रिकामा तोलला, आठशे. वजा केलं. चार आठशे.

"बसतं!" मी मोठ्यानं म्हणालो. "वर दोनशे ग्रॅम शिल्लक."

बाळूनं माझे दोन्ही हात धरले. मामा म्हणाले, "मार्केटात असता तर अडत्यानं तेवढे दोनशे ग्रॅमसुद्धा कटती म्हणून कापले असते." आम्ही चौघंही हसलो. चौघंही शिरूर तालुक्यातले. एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण उलटं गणित केलंय. मी चार किलो आठशे ग्रॅम असं अक्षरी आणि आकड्यात लिहिलं, सही केली आणि शिक्का उमटवला.

निघताना भागूबाई म्हणाल्या, "डाक्टर, तुमी बी या इमानापतूर. तिथं कुणी कुत्र्याचं काय इच्यारलं, तर बाळूला न्हाई सांगता यायचं."

गरज नव्हती. पण खरं सांगतो, मला विमानतळ बघायचा होता. इतके दाखले दिले, ते कुठं जातात ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हटलं. एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि त्यांच्या भाड्याच्या जीपमध्ये बसलो. शिक्रापूर, लोणीकंद, वाघोली करत लोहगावला पोचलो. सोडायला आलेल्यांना तेव्हा तिकीट काढून आत जाता येई. मी काढलं. आत गेल्यावर भागूबाई म्हणाल्या, "दवाखान्यावानी वास येतुया." मलाही तसाच आला. फरशी इतकी गुळगुळीत की त्यांची काठी घसरायची. मी त्यांचा एक हात धरला, बाळूनं दुसरा, आणि टोपली एका गाडीवर.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. चांगली हसून बोलली. कागद बघितले, परवानगी बघितली, झाकणाच्या फटीतून मुंगळ्याला बघून "किती गोड!" म्हणाली. मुंगळ्या बैलांचा शत्रू, त्याला असं कुणी म्हटल्याची ही पहिलीच वेळ. तिनं टोपली काट्यावर ठेवायला सांगितली. लाल आकडे पळाले आणि थांबले. पाच सहाशे.

"सर, हे जास्त आहे," ती म्हणाली.

मी पुढं झालो. "नाही, नाही. टोपली आठशेची आहे. ती धरून चार आठशेच होतं."

"टोपली धरूनच पाच सहाशे होतं, सर."

"तेच म्हणतोय मी. टोपली धरा ना."

"धरलीय, सर!"

असं आमचं दोन-तीनदा झालं. तिला वाटलं, या माणसाला मराठी येत नाही. मला वाटलं, हिला गणित येत नाही. शेवटी तिनं आतून तिच्या साहेबाला बोलावलं. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, शांत माणूस. त्यानं दाखला वाचला, काटा बघितला आणि विचारलं, "हा डॉक्टर कोण?"

"मीच," मी म्हणालो.

"टोपलीचं वजन वजा केलंत?"

आणि त्या एका प्रश्नानं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी म्हणालो, "हो. बारदान धरलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला. म्हणाला, "माझं आजोळ दौंडकडचं आहे. कळलं मला. पण डॉक्टर, विमान बारदान धरत नाही. कुत्रं आणि त्याची पिशवी किंवा टोपली, जे काय असेल ते, सगळं मिळून पाच. पंचवीस-पन्नास ग्रॅमचं असतं तर मी काणाडोळा केला असता. सहाशे ग्रॅम मला नाही सोडता येणार."

"खाली सामानात?"

"त्याला पक्का लाकडी पिंजरा लागतो. आहे तुमच्याकडे?"

नव्हता. मी काय काय विचार केला ते सांगायला आता लाज वाटते. केस कापले तर? मुंगळ्याच्या अंगावर केस कितीसे. बाहेर नेऊन मुतवून आणलं तर? पन्नास ग्रॅम. इतक्या वर्षांचं पशुवैद्यकीय ज्ञान त्या चकचकीत फरशीवर काही कामाचं नव्हतं.

बाळूचा चेहरा बघवत नव्हता. तो आईजवळ खाली बसला. हलक्या आवाजात म्हणाला, "आई, मुंगळ्याला डॉक्टरसाहेबांसंगं परत धाडू. मामांच्या दवाखान्यात राहील. म्हैनाभरात मी पिंजरा करून घेतो, येऊन नेतो. आईशप्पत नेतो."

भागूबाई खुर्चीवरून उठल्या, टोपलीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मंग मीबी म्हैनाभरानं येती."

"आई!"

"रागावू नगं. तुझ्यावर राग न्हाई माझा. मी पडले तवा तू दिल्लीला हुतास. ह्यो हुता." आवाज जराही चढवला नाही त्यांनी. "आता मी वर जाऊ आन् ह्याला खाली ठिऊ, व्हय?"

बाळू उभा राहिला आणि तोंड फिरवून काचेकडे बघत राहिला. मला तिथंच धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ही तिसरी खेप, आणि ती माझ्या सहीनं फिसकटत होती. मी बाळूला काही म्हणणार, तोच भागूबाईंनी त्या साहेबाला विचारलं.

"दादा, तुमच्या यंत्राला टोपलीच पायजे का?"

"टोपलीच असं नाही, मावशी. काहीतरी बंदिस्त पाहिजे. कुत्र्याला हवा लागेल, ते बाहेर उडी मारणार नाही, आणि सीटखाली बसेल असं."

"कापडाचं चालंल?"

तो म्हणाला, "बंद झालं पाहिजे. सुटता कामा नये."

भागूबाईंनी बाळूला सामानातून एक जुनं लुगडं काढायला लावलं. मऊ झालेलं, धुवट. दातानं किनार फाडून त्याचा अर्धा तुकडा वेगळा केला. खाली बसता येत नव्हतं म्हणून सामानाच्या गाडीवर तो अंथरला, टोपलीतून मुंगळ्याला काढलं आणि मधे ठेवलं. चार टोकं उचलली, दोन फिरवली, दोन गुंतवली, आणि बघता बघता झोळी झाली. मुंगळ्याचं फक्त तोंड बाहेर.

मला ती झोळी ओळखीची होती. मेंढरं वाटेला लागलेली असताना एखादी मेंढी रस्त्यातच विते. कळप थांबत नाही. मग त्या ओल्या कोकराला धनगरीण अशाच झोळीत घालते आणि पाठीला बांधून चालू लागते. कोकरू गुदमरत नाही आणि बाहेरही पडत नाही. असे कितीतरी कळप मी टोचले होते, किती झोळ्या पाहिल्या होत्या. आणि प्रवासाच्या कुत्र्याला मी काय पसंत केलं, तर बुरुडाची दणकट टोपली. नाकापेक्षा मोती जड.

साहेबानं पुढं येऊन गाठ ओढून बघितली. सुटेना. दुसऱ्या बाजूनं ओढली. उलट घट्ट झाली. मुंगळ्यानं आतून त्याचा हात चाटला.

"ठेवा काट्यावर," तो म्हणाला.

लाल आकडे पळाले. आम्ही सगळे त्या आकड्यांकडे डोळे लावून, त्या मुलीसकट. चार नऊशे वीस.

साहेबानं कागदावर 'टोपली' खोडून 'कापडी पिशवी' लिहिलं आणि माझ्यापुढं सरकवलं. "डॉक्टर, इथं वजन दुरुस्त करून सही करा. पिशवी मिळवून." 'मिळवून' हा शब्द त्यानं जरा सावकाश उच्चारला. मी सही केली. माझ्या आयुष्यातला तो एकमेव दाखला असेल जो मी खाडाखोड करून, मान खाली घालून दिला, आणि देताना मला इतका आनंद झाला.

भागूबाईंना चाकाची खुर्ची मिळाली. झोळी मांडीवर, बाळू मागं. वळणावर भागूबाईंनी मागं बघितलं आणि मला हात केला. मी रिकामी टोपली घेऊन जीपमध्ये येऊन बसलो. ड्रायव्हरनं विचारलं, "कुत्रं कुठंय?" मी म्हणालो, "गेलं उडून."

दोन दिवसांनी दवाखान्यात बाळूचा फोन आला. प्रवास कसा झाला म्हणून मी विचारलं. मुंगळ्यानं सबंध प्रवासात तोंडातून आवाज काढला नाही, म्हणाला. हवाईसुंदरी दोनदा येऊन बघून गेली. पण घरी पोचल्यावर आईला भोवळ आली. जिन्यातच बसली.

मी विचारलं, "का? पाय दुखला का?"

"न्हाई, साहेब. तुम्ही मुंगळ्याला आदल्या संध्याकाळपासून काही खायला द्यायचं न्हाई म्हणून सांगितलं होतं."

सांगितलं होतं. विमानात कुत्र्यानं ओकू नये, घाण करू नये म्हणून पोट रिकामं ठेवतात, पाणीसुद्धा घोटभरच देतात. सगळ्यांनाच सांगतो.

"तर आईनं पण खाल्लं न्हाई. आदल्या संध्याकाळपासून. विमानात ताट आलं तर परत लावलं. मी म्हणलं खा, तर म्हणती, त्याला उपाशी मांडीवर घेऊन मी त्याच्या नाकाखाली जेवू व्हय? पाणीबी त्याच्याएवढंच प्याली."

शिक्रापूरला आम्ही जीप थांबवून मिसळ खाल्ली होती. मी आणि बाळूनं दोन-दोन पाव हाणले होते. भागूबाई जीपमध्येच बसून होत्या, आणि विमानाची भीती वाटत असेल म्हणून मी त्यांना आग्रहही केला नव्हता. डॉक्टर म्हणून तिथं दोन जीव माझ्या हवाली होते आणि मी एकाचाच विचार केला होता. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात फोन भागूबाईंनी घेतला.

"डाक्टर, आता बरी हाय मी. भाकरी खाल्ली दोघांनी."

"मावशी, उपाशी कुत्र्याला ठेवायचं होतं! तुम्ही का राहिलात?"

"तुमच्या कागदावर कुठं लिवलं हुतं, मान्सानं जेवावं म्हून?"

सदाशिवमामांना सांगितलं, तर त्यांनी रजिस्टर मिटून ठेवलं.

निमोण्याच्या भागूबाई पुढं दिल्लीलाच राहिल्या. मुंगळ्याही. मी निवृत्त होईपर्यंत विमानाचे आणखी कितीतरी दाखले दिले, सगळे टोपलीचं वजन मिळवून. आणि प्रत्येकाच्या तळाशी, शिक्क्याखाली, हातानं एक ओळ लिहीत गेलो: 'सोबतच्या माणसाने जेवून निघावे.' बरेच जण वाचून हसायचे. एकदा लोहगावहून त्याच टकल्या साहेबाचा फोन आला. म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या दाखल्यावर ही ओळ दर वेळी असते. हा नियम आमच्या पुस्तकात तर नाही. कुठला आहे?"

मी म्हणालो, "निमोण्याचा."